संन्याशाचा संसार

सोलापूरच्या मनुष्याने समुद्रकाठचा खेकडा पाळावा ही गोष्ट प्रथमदर्शनी कोणासही चमत्कारिक वाटेल, आणि ती तशी वाटते याचा अनुभव आम्ही गेली अडीच वर्षे घेत आहोत. आमच्या बैठकीच्या खोलीत येणारा पाहुणा प्रथम कोपऱ्यातील काचेच्या पेटीकडे पाहतो, मग आमच्याकडे पाहतो, आणि पुष्कळदा त्यानंतर आमच्या प्रकृतीची चौकशी करतो. त्याचा दोष नाही. येथून समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर दूर. मध्ये सह्याद्री आडवा पडलेला. पाऊस बहुतेक त्याच्या पलीकडेच रिता होतो आणि आमच्या वाट्यास ऊन उरते. जवळच्या नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले ते उगीच नव्हे. हा मुलूख गवताळ माळांचा, ज्वारीचा आणि धुळीचा आहे. खेकडा म्हटला म्हणजे येथल्या मनुष्यास आठवतो तो ओढ्याकाठच्या बिळातला, आणि तोही पाऊस बरा झाला तर.

आमच्याकडचे खेकडे आम्ही आणले नाहीत, ते आले. एका दिवाळीस आमचा भाचा मुंबईहून आला तेव्हा आमच्या नऊ वर्षांच्या नातीसाठी त्याने तारेच्या जाळीचा एक लहानसा पिंजरा आणला. आत दोन शंख होते. एक लाल रंगवून त्यावर सोनेरी चांदण्या काढलेल्या, दुसरा चेंडूसारखा काळा-पांढरा. थोड्या वेळाने दोहोंनाही पाय फुटले आणि नातीने जी किंकाळी फोडली ती भीतीची की आनंदाची हे आम्हांस अद्याप निश्चित सांगता येत नाही. दुकानदाराने भाच्याजवळ त्यांच्या संगोपनाचे सर्व शास्त्र तीन वाक्यांत सांगितले होते: पाणी शिंपडावे, बिस्किटाचा चुरा घालावा, आणि मेला तर दुसरा घ्यावा, किंमत फार नाही.

इंग्रजीत या प्राण्यास 'हर्मिट क्रॅब' म्हणतात आणि त्यावरून मराठीत कोणी 'संन्यासी खेकडा' असे नाव पाडले आहे. कोणी 'शंखवासी' म्हणतात, आणि ते अधिक खरे. नामकरणाच्या वेळी आम्ही नातीस हे सांगितले, तेव्हा चांदण्यांच्या शंखातला 'बुवा' झाला. दुसऱ्यास काय म्हणावे याचा विचार चालला असता स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "दुसऱ्याच्या शंखात जाऊन बसतो ना? मग तो आयत्या बिळावरचा नागोबाच!" तेव्हापासून तो नागोबा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही आपली म्हण आहे. परंतु बिचाऱ्या विंचवाच्या पाठीवर पाहू गेल्यास फार तर मादीची पिले असतात, घर काही नसते. ही म्हण रचणारा समुद्रकाठी राहणारा असता तर तिच्यात विंचू खचित आला नसता.

आता आमच्या अपराधाची हकीकत सांगणे प्राप्त आहे. पहिले पंधरा-वीस दिवस आम्ही दुकानदाराच्या त्रिसूत्रीप्रमाणे वागलो. नव्हे, तिच्यात आमच्या घरच्या सद्भावनेची भर घातली. सौभाग्यवतींचा तांब्याच्या हंड्यातील रात्रभर ठेवलेल्या पाण्यावर मोठा विश्वास. आमच्या घरात आजारी माणसास तेच मिळते, पाहुण्यास तेच मिळते. मग खेकड्यांस का न मिळावे? तसेच सायंकाळी डासांसाठी उदबत्तीसारखी जी कांडी लावतात, ती त्यांच्या पिंजऱ्याजवळच लावीत असू, हेतू हा की जाळीतून डास आत जाऊन त्यांना चावू नयेत. पिंजरा खिडकीत होता. वारा खेळता राहावा ही आमची कल्पना. नोव्हेंबरचा तो सोलापुरी वारा कोरडा ठणठणीत असतो, ओठ फुटतात, हे आम्हांस ठाऊक होते. त्याचा खेकड्याशी काही संबंध असेल हे मात्र ठाऊक नव्हते.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी बुवा शंखाबाहेर पडलेला आढळला. शंखाबाहेरचा हा प्राणी ज्यांनी पाहिला नसेल त्यांना त्याची केविलवाणी स्थिती कळावयाची नाही. पुढचा अर्धा भाग शूर शिपायासारखा चिलखती, आणि मागचा अर्धा एखाद्या सोललेल्या शेंगेसारखा मऊ, फिकट, वळलेला, ज्याला जगात कोणतेही संरक्षण नाही. तो हलत होता. आम्ही त्यास हलक्या हाताने शंखापाशी ठेवले, पाणी शिंपडले (तेच, तांब्यातले), परंतु तो पुन्हा आत गेला नाही. दुपारपर्यंत सर्व संपले. नात फार रडली नाही. अंगणातल्या तुळशीमागे त्याला पुरून आल्यावर तिने एवढेच विचारले, "आजोबा, त्याला आपलं घर आवडलं नाही का?"

आम्ही आयुष्यभर शाळेत शिकविण्याचा धंदा केला. मुलांच्या प्रश्नांस उत्तर नसले तर काय बोलावे याचा पुरेसा संग्रह आमच्याजवळ आहे. त्यातले काहीही त्या दिवशी उपयोगी पडले नाही. मग वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी आम्ही पुन्हा विद्यार्थी झालो, आणि जे वाचले त्याने आमची मान अधिकच खाली गेली.

हा प्राणी जमिनीवर राहतो खरा, परंतु तो समुद्राची एक अट पाळूनच. त्याला आपल्यासारखी फुफ्फुसे नाहीत. माशांप्रमाणे कल्लेच आहेत, मात्र ते हवेतला प्राणवायू घेण्याजोगे बदललेले. ते सदैव ओलसर राहिले तरच चालतात. शंखात तो थोडे पाणी साठवून हिंडतो ते याचसाठी. हवेतील आर्द्रता शेकडा ७५ ते ८५ असावी, उष्णता २४ ते २९ अंश असावी. हवा कोरडी झाली की तो हळूहळू गुदमरतो. म्हणजे तारेच्या पिंजऱ्यात, वाऱ्याच्या खिडकीत बसून बुवा एकोणीस दिवस गुदमरत होता आणि आम्ही त्याच्याकडे पाहून 'किती शांत स्वभावाचा आहे' असे म्हणत होतो! तांब्याचे तर विचारूच नका. खेकड्याच्या रक्तात आपल्या लोहाच्या जागी तांबेच असते, त्यामुळे त्याला निळसर झाक येते. परंतु पाण्यावाटे आलेले तांबे या वर्गातील प्राण्यांस विषासारखे बाधते. डासांच्या कांडीतले औषध कीटकांना मारण्यासाठी केलेले, आणि खेकडा हा कुळाने कीटकांचा दूरचा भाऊबंद. बुवाच्या मृत्यूस यांपैकी कोणते कारण झाले हे ठरविणे कठीण आहे. आम्ही एकही बाकी ठेवले नव्हते.

उरलेल्या नागोबासाठी काचेची पेटी आली. जुन्या माशांच्या टाकीस वरून काचेचे झाकण बसविले, एवढाच तिचा थाट. तळाशी वाळू वीतभर खोल. तीत पाचास एक या प्रमाणात नारळाच्या काथ्याचा भुसा. वाळू किती ओली असावी याचे ग्रंथांत पुष्कळ वर्णन आहे, परंतु सौभाग्यवतींनी ते एका क्षणात मराठीत आणले: लाडू वळला पाहिजे, पण हातातून पाणी गळता कामा नये. पाण्याच्या दोन वाट्या, एक गोड्या पाण्याची आणि एक खाऱ्या. त्याला दोन्ही लागतात, आणि कोणत्या वेळी कोणते हे तो स्वतः ठरवितो. खारे पाणी जेवणातल्या मिठाचे चालत नाही. माशांच्या दुकानात समुद्राचे सर्व क्षार असलेले मीठ मिळते, ते लिटरास सुमारे ३५ ग्रॅम घालावे. वाट्यांत चढण्या-उतरण्यास खडे ठेवावे, नाहीतर तो बुडतो. समुद्राचा प्राणी पाण्यात बुडून मरतो हे ऐकून नातीस जेवढे हसू आले तेवढेच आम्हांसही आले.

गोड्या पाण्याच्या बाबतीत मात्र आमच्या शहराने आम्हांस अनपेक्षित साह्य केले. नळाच्या पाण्यातील क्लोरीन या प्राण्यास बाधते; म्हणून पाणी उघड्या भांड्यात दिवसभर तरी ठेवून मग वापरावे असे सांगतात. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि घरोघर पिंपे भरलेली असतात. या गोष्टीबद्दल आम्ही पुष्कळ वर्षे कुरकुर केली आहे. शिळे पाणी हाच ज्याचा आहार, असा एक तरी रहिवासी या गावात निघाला, याचे आम्हांस समाधान वाटते.

एप्रिल-मेच्या दुपारी आमच्या ओसरीवरचे यंत्र उष्णता ४३ आणि आर्द्रता २२ दाखवीत असते. पेटीतले यंत्र २८ आणि ८०. चार फुटांच्या अंतरावर सोलापूर आणि कोकण. आम्ही पंख्याखाली पंचा ओला करून बसलेलो असतो आणि हे महाशय कोकणात, शेवाळाच्या गादीवर. खोलीत कूलर लावतो तो कोणासाठी, असे चिरंजीव एकदा तिरकसपणे विचारते झाले. डिसेंबरच्या रात्री उलट प्रकार. तेव्हा पेटीभोवती सोलापुरी चादर गुंडाळावी लागते. आमच्या गावची चादर हिंदुस्थानभर कोणाकोणाच्या अंगावर गेली असेल, पण खेकड्याच्या घरावर बहुधा पहिल्यानेच.

खाण्याचा प्रश्न वेगळ्याच कारणाने बिकट झाला. किनाऱ्यावर तो काय वाटेल ते खातो: पडलेली फळे, कुजकी पाने, लाकडाची साल, खोबरे, वाहून आलेला मासा. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. गणपतीच्या नारळाचा तुकडा त्याने प्रथम घेतला तेव्हा सौभाग्यवतींना तो संस्कारी वाटला. पुढे गाजर, पेरू, भाजके नसलेले शेंगदाणे, ज्वारीच्या कडक भाकरीचा तुकडा, सर्व झाले. शेंगाचटणी तेवढी नाही, ती मीठ-तिखटाची. परंतु कवच बांधण्यासाठी त्याला चुना लागतो आणि प्राण्यांपासूनचे अन्नही लागते. अंड्याच्या टरफलांपर्यंत तडजोड झाली. सुक्या जवळ्यापाशी गाडे अडले. शेवटी शेजारच्या घरातून नात एका लहान डबीत चिमूटभर जवळा आणते आणि ती डबी ओसरीवरच्या कोनाड्यात राहते, उंबऱ्याच्या आत येत नाही. पेटी उंबऱ्याच्या आत आहे, याकडे सर्वांनी मिळून दुर्लक्ष केले आहे. घरे चालतात ती अशाच कलमांवर.

हा सर्व थाट झाल्यावर वाटले की आता आपले काम झाले. तेव्हा पुन्हा वाचनात आले की, ज्याला जगाने संन्यासी म्हटले तो एकटा राहतच नाही. किनाऱ्यावर हे खेकडे थव्याथव्याने राहतात, एकत्र झोपतात, एकमेकांच्या वासावर फिरतात. नागोबा रात्रीचा काचेवर पाय घासून जो किरकिर आवाज करी, तो ऐकताना आम्हांस उगीच अपराधी वाटू लागले. सोबती हवा, पण दुकानातून दुसरा आणणे म्हणजे किनाऱ्यावरून आणखी एक उचलण्यास सांगणे. कारण हा प्राणी पेटीत वाढविलेला नसतो. मादी अंडी सोडण्यास समुद्राच्या काठी जाते, पिले कित्येक आठवडे समुद्रात तरंगत काढतात, कणाएवढा शंख मिळाला म्हणजे जमिनीवर येतात. हे सर्व घरात घडवून आणणे जवळजवळ अशक्य. म्हणून दुकानातील प्रत्येक चांदण्यांचा शंख हा कोठल्यातरी किनाऱ्यावरून उचललेला आहे. जपानने या कुळातील खेकडे १९७० साली राष्ट्राचा नैसर्गिक वारसा म्हणून जाहीर केले, आणि तेथे परवान्याशिवाय ते पकडता येत नाहीत. त्यांच्या एका आप्तास, अंदमान-निकोबारकडे आढळणाऱ्या नारळ-खेकड्यास, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण दिले आहे. या नारळ-खेकड्याची मौज अशी की, तो लहानपणी शंखात राहतो आणि मोठा होताच घर टाकून देतो, ते कायमचेच. पुढे तो चार किलोपर्यंत वाढतो. म्हणजे कुळात खरा संन्यास घेतला तो यानेच. त्याला इंग्रजीत काय म्हणतात? 'रॉबर', म्हणजे लुटारू! आणि जन्मभर घर, घर करीत हिंडणारा तो संन्यासी. नावे ठेवणाऱ्यांनी निदान चौकशी तरी करावी.

सोबत्याचा प्रश्न अखेर पुण्याने सोडविला. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी असाच एक खेकडा होता. मुलांचा उत्साह संपला होता आणि त्यास ते कोणास तरी देऊ इच्छीत होते. आम्ही रेल्वेने जाऊन तो ओल्या शेवाळाच्या डब्यात आणला. नागोबाहून आकाराने लहान, स्वभावाने भित्रा. त्याचे नाव नातीने 'पुणेकर' ठेवले. पुण्याच्या वाचकांनी रागावू नये. ती केवळ पत्त्याची नोंद आहे.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याची यात्रा भरली होती तेव्हा, नात नंदीध्वज पाहून रात्री परत आली आणि नेमाप्रमाणे पेटीपाशी गेली. नागोबा नव्हता. वाळूवर एका कोपऱ्यात उकरल्याची खूण होती.

तो कात टाकण्यास खाली गेला होता. खेकड्याचे कवच वाढत नाही. आतला देह वाढला की जुने कवच टाकावे लागते, नवे कडक होईपर्यंत तो मेणासारखा मऊ असतो, म्हणून वाळूत खोल पुरून घेतो, आणि टाकलेले कवच स्वतःच खाऊन त्यातला चुना परत मिळवितो. हे आम्हांस पाठ होते. वेळ चार आठवडे लागेल की दहा हे मात्र खेकड्याच्या आकारावर असते, आणि तोवर काय करावे याबद्दल सर्व जाणकारांचे एकच मत आहे: काहीही करू नये. उकरू नये, पाहू नये, वाळू हलवू नये. उकरून पाहण्यानेच पुष्कळ खेकडे मरतात.

काहीही न करणे ही गोष्ट किती कष्टाची आहे याची कल्पना आम्हांस नव्हती. फेब्रुवारी गेला. पाणी बदलावे, आर्द्रता पाहावी, पुणेकरास खाऊ घालावे, आणि त्या कोपऱ्यातील वाळूकडे पाहून परत यावे. चिरंजीवांचे म्हणणे स्वच्छ होते: "बाबा, तो गेला. वाळू काढून टाकू. घरात दुर्गंधी सुटेल." त्यांस उत्तर हेच की, मेला असता तर सुटली असती, मेलेल्या खेकड्यास सडक्या मासळीचा वास येतो आणि तो लपत नाही. आमच्या घरात मासळीचा वास ओळखण्याचा अधिकार कोणासच नव्हता, म्हणून शेजारच्या वहिनींना बोलावून त्यांच्या नाकाचा अभिप्राय घेण्यात आला. त्या पेटीत वाकल्या, हुंगले, आणि म्हणाल्या, "नाही काका, ओल्या मातीचा वास आहे." या एका वाक्यावर आम्ही आणखी तीन आठवडे काढले.

एके रात्री आमचाच धीर सुटला. घरात निजानीज झाली होती. आम्ही झाकण उघडले आणि चमचा हातात घेतला. बुवाच्या वेळी काही न करता नुसते पाहत बसलो, तो अपराध. आता पुन्हा तोच होत असला तर? बोटभर वाळू बाजूस केली असेल नसेल, तोच मागून आवाज आला, "अहो." सौभाग्यवती उठल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. हात पुढे केला, आम्ही चमचा त्यांच्या हाती दिला, आणि तो त्या स्वयंपाकघरात ठेवून आल्या. आमच्या दोन मुलांच्या तापाच्या रात्रीही त्यांनी असेच आम्हांस बाजूस केल्याचे स्मरते.

अडुसष्टाव्या दिवशी, मार्च संपत आला असता, नागोबा वर आला. अंगाचा रंग उजळ, नख्या काळ्याभोर, पायांवरचे केस नवे, आणि आकार इतका वाढलेला की शंखात शिरल्यावर दार लावण्यास डावी नांगी पुरेना. (त्याची डावी नांगी मोठी असते, तीच त्याचे दार.) त्यास आता मोठे घर पाहिजे होते, आणि ते ताबडतोब पाहिजे होते.

येथे आमच्या शोकेसची गोष्ट येते. गेल्या चाळीस वर्षांत आम्ही जेव्हा जेव्हा कोकणात गेलो, तेव्हा तेव्हा शंख घेऊन आलो. गुहागरच्या वाळूत वेचलेले, मालवणच्या बाजारात घेतलेले, असे साठ-सत्तर शंख काचेआड मांडलेले आहेत. पाहुण्यांस आम्ही ते कौतुकाने दाखवीत असू. रिकामा शंख म्हणजे समुद्राने टाकून दिलेली वस्तू, अशीच आमची समजूत होती. परंतु या प्राण्यास शंख करता येत नाही. गोगलगाय मरते तेव्हा तिचे घर याला मिळते. जमिनीवरच्या खेकड्यांची तर आणखी पंचाईत. ते शंख आतून कोरून प्रशस्त व हलका करतात, आणि असे कोरलेले जुने शंखच पिढ्यान्‌पिढ्या एकाकडून दुसऱ्याकडे जातात. कोणी मेला की त्याच्या वासाने दुसरे जमा होतात, कारण घर रिकामे झाल्याची ती वर्दी असते. याच सवयीने अलीकडे त्यांचा घात केला आहे. हिंदी महासागरातील कोकोस बेटे आणि पॅसिफिकमधील हेंडरसन बेट येथे वाहून आलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत एक खेकडा शिरतो, निसरड्या भिंतीमुळे बाहेर पडू शकत नाही, मरतो. त्याच्या वासावर दुसरा येतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा अडकलेल्या खेकड्यांची संख्या पाच लाख सत्तर हजारांच्या घरात काढली आहे. इतरत्र कित्येक खेकडे बाटलीचे झाकणच शंख म्हणून पाठीवर घेऊन फिरताना लोकांनी टिपले आहेत. हे वाचल्यापासून शोकेसकडे पाहताना आम्हांस कोणाचीतरी रिकामी करविलेली चाळ पाहिल्यासारखे होते.

चाळीचे नाव उगीच निघाले नाही. सोलापुरातील पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली आणि पुढे शंभर वर्षे हे गाव भोंग्यावर उठले नि निजले. आमचे वडील एका गिरणीत कारकून होते आणि आमचे बालपण तिच्या चाळीत गेले. चाळीत कोणी निवृत्त झाला की एक खोली रिकामी होई. पण हलत एक बिऱ्हाड नसे, पाच-सहा हलत. कोपऱ्यातली मोठी खोली मधल्या माणसास, त्याची शेजारच्यास, त्याची जिन्याखालच्यास. दिवसभर व्हरांड्यातून ट्रंका, पाटे-वरवंटे आणि पाळणे जात-येत असत, आणि संध्याकाळी सर्वजण पूर्वीपेक्षा थोड्या थोड्या मोठ्या जागेत जेवायला बसत. आयव्हन चेस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने घरांच्या अशा साखळ्यांचा विचार शंखवासी खेकड्यांस लावून पाहिला, आणि तंतोतंत हेच आढळले. किनाऱ्यावर मोठा शंख रिकामा सापडला की खेकडे आकाराप्रमाणे रांग धरतात. सर्वांत मोठा नव्या घरात शिरला रे शिरला की त्याच्यामागचा त्याच्या घरात, आणि असे शेवटापर्यंत.

शोकेसमधून वाटोळ्या तोंडाचे, आतून मोत्यासारखे चकाकणारे पाच शंख निवडले, उकळून निववले आणि रात्री पेटीत ठेवले. दिवा मंद केला. नात, आम्ही आणि सौभाग्यवती जमिनीवर बसलो. चिरंजीव 'मला काम आहे' म्हणून दारात उभे राहिले आणि तेथून हलले नाहीत. नागोबाने एक शंख फिरवून पाहिला, आत नांगी घालून खोली मापली, वाळू झटकली, सोडून दिला. दुसऱ्याभोवती दोन प्रदक्षिणा झाल्या. मालवणचा तो शंख सौभाग्यवतींनी लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात घेतला होता. अकरा वाजण्याच्या सुमारास त्याने दोन्ही शंखांची तोंडे समोरासमोर आणली, थांबला, आणि क्षणार्धात तो उघडा देह इकडून तिकडे गेला. चेंडूच्या रंगाचा तो शंख वाळूवर लवंडला. रंगाचे पोपडे त्यावरून निघू लागले होते. हे शंख रंगविताना खेकड्यास त्यात कसे घालतात याचे वर्णन आम्ही वाचले आहे. मुले वाचतात अशा मासिकात ते देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

तो शंख आम्ही उचलणार तोच पुणेकर आला. इतका वेळ तो लाकडामागे दडून होता. त्याने शंख हुंगला, मापला, आणि आमच्या देखत त्यात शिरला. रंगाच्या शंखातून त्यास बाहेर काढण्यास आम्हांस नंतर महिनाभर निरनिराळे शंख पुढे करावे लागले, ती गोष्ट वेगळी. त्या रात्री नात एवढेच म्हणाली, "आजोबा, तुमच्या चाळीसारखंच झालं."

चांगल्या व्यवस्थेत हे खेकडे तीस वर्षांहून अधिक जगतात. आमचे वय ७३. हा हिशेब आम्ही एकदाच मांडला. परत सोडावे तर कोठे? ते कोणत्या किनाऱ्याचे आहेत हे दुकानदारासही सांगता आले नसते, आणि कोकणच्या वाळूत परक्या मुलुखाचा प्राणी त्याच्या रोगांसह सोडणे हे पुण्यकृत्य नव्हे. बुवा गेला त्या दिवसापासून या प्रश्नास एकच बाजू राहिली आहे. आमच्या कागदपत्रांत, घराच्या आणि बँकेच्या कागदांमागे, एक पान जोडले आहे: वाळूची खोली, मिठाचे प्रमाण, तांब्याचे भांडे वर्ज्य, कात टाकताना उकरू नये. चिरंजीवांनी ते पाहिले तेव्हा ते हसले. पण दुसऱ्या दिवशी 'मीठ कोणत्या दुकानातून आणता' असे विचारून त्यांनी तेवढी ओळ त्यात स्वहस्ते लिहिली. नातीचा प्रश्न पुढचा आहे. कॉलेजच्या वसतिगृहात पेटी ठेवू देतात का, याची ती आतापासून चौकशी करते. ती सध्या सहावीत आहे.

शोकेसमधील बाकीचे शंख गेल्या मे महिन्यात गुहागरास नेले. भरतीच्या रेषेवर, खडकांच्या आडोशाला नातीने ते एकेक करून ठेवले. तेथले शंखवासी लहान, पाण्यातले, नागोबाच्या जातीचे नव्हेत. पण घराची गरज त्यांनाही तीच. सकाळी जाऊन पाहिले तेव्हा बरेच शंख लाटांनी नेले होते, आणि उरलेल्यांपैकी एक, सौभाग्यवतींच्या म्हणण्याप्रमाणे, आदल्या दिवशी ठेवला त्या जागेहून दोन हात पलीकडे होता. लाटेने नेला असेल असे आम्ही म्हणालो. नात वाकून पाहत राहिली.

शोकेस आता रिकामी आहे. तीत पेटीचे सामान ठेवतो. नळ परवा येऊन गेला, पिंप भरलेले आहे, आणि आज वाट्यांतले पाणी बदलण्याचा दिवस.